कुंपणापलीकडे

इजिप्त देशात नाईल नदीच्या काठी मघाघा नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्या जवळच्या एका खेड्यात, एका साध्या घरापुढे मक्याच्या धांड्यांचे कुंपण होते. रोज सूर्य मावळला, की एक लहान मुलगा घरातून बाहेर येई आणि त्या कुंपणाला टेकून उभा राही. कुंपण त्याच्याहून उंच होते. धांडे इतके दाट रोवलेले होते, की त्यांतून अंग चोरून पलीकडे जाणे त्याला जमत नसे. घरातले ससे मात्र कधी उडी मारून, तर कधी फटीतून सरकत सहज पलीकडे जात. त्यांची चाहूल लागली, की मुलाला त्यांचा हेवा वाटे.

कुंपण जिथे संपे, तिथे एक कालवा होता. मुलाला वाटे, जग तिथेच संपते. त्या कालव्यात मगरी आहेत, माणसाला गिळणारे मोठे मासे आहेत, असे त्याने ऐकले होते. अशाच एखाद्या माशाच्या पोटात हजरत सुलेमान यांची अंगठी असेल आणि ती आपल्याला सापडेल, अशी स्वप्ने तो पाहत असे. खरे तर तो कालवा अगदी अरुंद होता. पण हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळले. कारण तो मुलगा आंधळा होता.

त्या मुलाचे नाव ताहा हुसेन. त्याचा जन्म १८८९ साली झाला. वडील साखर कंपनीत लहानशा नोकरीवर होते. त्यांना तेरा मुले होती आणि ताहा हा त्यांतला सातवा. इतक्या मोठ्या घरात एका मुलाच्या दुखण्याकडे कोण किती लक्ष देणार? ताहा अगदी लहान असताना त्याचे डोळे आले. काही दिवस कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग गावातल्या न्हाव्याला बोलावले. त्या काळी खेड्यात न्हावीच वैदूचे काम करी. त्याने काहीतरी औषधोपचार केला आणि मुलाची दृष्टी कायमची गेली.

संध्याकाळी कुंपणापलीकडे एक शायर येऊन बसे आणि लोकांना अबू झैद या वीराच्या लढायांची कथा गाऊन दाखवी. ताहा ती तन्मय होऊन ऐके. ऐन रंगात आलेल्या वेळी बहीण बाहेर येई आणि त्याला उचलून आत नेई. आई त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घाली. ते झोंबत, पण त्याचा काही उपयोग होत नसे. मुलगा रडत नसे, तक्रारही करत नसे. रात्री भुतांच्या भीतीने तो तोंडावरून पांघरूण ओढून घेई आणि पहाटेची वाट पाहत पडून राही.

आता जेवणाची एक गोष्ट सांगायला हवी. एके दिवशी सारे कुटुंब जेवायला बसले होते. ताहाच्या मनात आले, की घास एका हाताऐवजी दोन्ही हातांनी उचलला तर काय होईल? त्याने तसे केले. भावंडे खो खो हसली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांनी शांतपणे, पण खिन्न आवाजात, घास असा घ्यायचा नसतो असे सांगितले. ती रात्र त्या मुलाने कशी काढली, ते त्यालाच माहीत! त्या दिवसापासून ज्या पदार्थांसाठी चमचा लागे किंवा जे सांडण्याची भीती असे, ते त्याने खाणेच सोडून दिले. तो एकटा, दार लावून जेवू लागला. घरातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण आपण इतरांसारखे नाही, हे त्या मुलाला त्या दिवशी पक्के कळले.

गावात मुलांना कुराण शिकवणारी एक शाळा होती. आपल्याकडे तिला मकतब म्हणतात, तिकडे कुत्ताब म्हणतात. तिथल्या गुरुजींना सारे आदराने ‘सय्यिदना’ म्हणत. अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी असे हे गुरुजी! त्यांनाही जवळजवळ दिसत नसे. एका डोळ्याला अगदी अंधुक उजेड जाणवे, तेवढ्यावर ते स्वतःला डोळस समजत आणि दोन विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर हात ठेवून गाण्याच्या लकेरी घेत रस्त्याने चालत. त्यांच्याकडे ताहाने नऊ वर्षांचा होण्याआधीच संपूर्ण कुराण मुखोद्गत केले. तो हाफिज झाला. त्याचे आईवडील त्याला ‘शेख’ म्हणू लागले. एवढ्याशा मुलाला या नावाचे केवढे अप्रूप वाटले असेल! त्याला वाटले, आता शेखसारखा पगडी-झगाही मिळेल. तो काही मिळाला नाही. नाव मात्र मिळाले.

पण पाठ केलेले टिकवायचे, तर रोज उजळणी हवी. ती होईना. एके दिवशी वडील दोन मित्रांबरोबर बसले होते. त्यांनी कौतुकाने आपल्या छोट्या शेखला बोलावले आणि एक सूरा म्हणून दाखवायला सांगितले. ताहाला सुरुवातीच्या शब्दांपुढे काही आठवेना. वडिलांनी दुसरी सूरा सांगितली, मग तिसरी. प्रत्येक वेळी तेच. मुलाच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी त्याला जायला सांगितले. ते रागावले असते, तर मुलाला बरे वाटले असते, असे मला वाटते. पुढे उजळणी ऐकण्याचे काम मकतबमधल्या एका मदतनिसाकडे आले, तेव्हा ताहाने त्याला आपल्या खाऊतला वाटा देऊन ते चुकवले. हा लबाडपणाही त्याने पुढे लपवून ठेवला नाही.

१९०२ हे वर्ष त्या घराला फार वाईट गेले. इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. ताहाचा अठरा वर्षांचा एक भाऊ डॉक्टर होण्याची स्वप्ने पाहत होता. साथीत तो आजाऱ्यांची सेवा करत होता. त्यालाच रोगाने गाठले आणि तो गेला. घरातले हसणे त्यानंतर कित्येक वर्षे परत आले नाही.

त्याच वर्षी ताहा मोठ्या भावाबरोबर कैरोला गेला. कैरोचे अल-अझहर हे जगातील फार जुन्या विद्यापीठांपैकी एक. तिथे शिकून आलीम व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. प्रवेशासाठी कुराणाची परीक्षा द्यावी लागे. परीक्षकांनी त्याला पुढे बोलावले, ते ‘आंधळ्या’ अशी हाक मारून. परीक्षा झाली, तो उत्तीर्णही झाला, आणि त्याला बाहेर पाठवले तेही त्याच हाकेने. त्याच्या मनगटावर दोरा बांधून शिशाचा शिक्का मारला होता. तो परीक्षेत उत्तीर्ण झाल्याची खूण होती. दोऱ्याचा त्याला आनंद झाला. पण त्या हाकेचा घाव चाळीस वर्षांनीही भरून आला नव्हता. घरी त्याला कोणी असे म्हणत नसे. आई-वडिलांनी त्याला शेख म्हटले होते. परक्या शहरात आल्यावर एका क्षणात ते नाव गेले आणि दुसरेच चिकटले.

कैरोतले दिवस हालाचे होते. कित्येक दिवस नुसती पाव-भाकरी आणि काकवी, एवढेच खाणे. अंगावरच्या झग्याचा मूळ रंग कोणता, ते सांगता येत नसे. संध्याकाळी भाऊ मित्रांकडे चहाला जाई. ताहा खोलीच्या कोपऱ्यात एकटाच बसून राही. दिवा लावायचे कारणच नव्हते. भिंतीतून किड्यांचे, उंदरांचे आवाज येत. सुट्टीत घरी गेल्यावर मात्र तो आईवडिलांना आपले किती छान चालले आहे, ते रंगवून सांगे. त्यांना वाईट वाटू नये, म्हणून तो खोटे बोले.

अल-अझहरमध्ये त्याला अरबी साहित्याची गोडी लागली. पण तिथली पाठांतराची पद्धत रुचेना. तो प्रश्न विचारी आणि गुरूंना राग येई. १९०८ मध्ये कैरोत नवे विद्यापीठ सुरू झाले. तिथे इजिप्शियन आणि युरोपीय प्राध्यापक शिकवत. ताहा तिकडेही जाऊ लागला. अल-अझहरची शेवटची पदवी त्याला मिळाली नाही. नव्या विद्यापीठाने मात्र १९१४ मध्ये त्याला डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठाची ती पहिलीच डॉक्टरेट होती. प्रबंधाचा विषय होता, अबुल-अला अल-मअर्री. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा हा थोर अरबी कवीही आंधळाच होता आणि तोही लोकांच्या नजरेला नको म्हणून एकांतात जेवत असे. आपल्याला दोन हातांचा घास आठवतो.

त्याच वर्षी ताहा हुसेन फ्रान्सला गेले. पहिले महायुद्ध पेटले होते. पैशांअभावी त्यांना मध्येच परत बोलावण्यात आले. काही महिन्यांनी ते पुन्हा गेले. फ्रान्समधील माँपेलिए या शहरात १९१५ मध्ये त्यांची सुझान नावाच्या तरुणीशी ओळख झाली. ती त्यांना पुस्तके वाचून दाखवू लागली. ब्रेल लिपी त्यांनी शिकून पाहिली होती. पण लहानपणापासून कानाने शिकलेल्या माणसाला बोटांनी वाचणे फार सावकाशीचे वाटे. सुझानचा आवाज हेच त्यांचे पुस्तक झाले. दोघांनी लग्नाचे ठरवले, तेव्हा तिच्या घरी मोठी खळबळ उडाली. मुलगा परदेशी, मुसलमान आणि शिवाय अंध! तिच्या नात्यातील एक कॅथलिक धर्मगुरू ताहांना भेटले, त्यांच्याबरोबर फिरायला गेले, खूप बोलले आणि परत येऊन त्यांनीच लग्नाला पाठिंबा दिला. १९१७ मध्ये विवाह झाला. पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठात त्यांनी इब्न खल्दूनच्या समाजविचारांवर दुसरा प्रबंध लिहिला आणि १९१९ मध्ये ते मायदेशी परतून प्राध्यापक झाले.

आता १९२६ साल येते. त्या वर्षी त्यांनी इस्लामपूर्व अरबी कवितेवर एक पुस्तक लिहिले. त्या काळातील म्हणून जी कविता आपण वाचतो, तिच्यातली बरीचशी नंतरच्या लोकांनी रचली असावी, असे त्यांनी मांडले. शिवाय त्यातील काही विधानांनी धार्मिक भावना दुखावल्या. देशभर वादळ उठले. अल-अझहरच्या विद्वानांनी, संसदेतल्या सभासदांनी त्यांच्यावर टीका केली. प्रकरण सरकारी वकिलाकडे गेले. त्यांनी चौकशी केली, लेखकाच्या विचारांतल्या चुका दाखवल्या. पण गुन्ह्याचा हेतू नाही असे ठरवून १९२७ मध्ये प्रकरण बंद केले. पुस्तक मागे घेतले गेले आणि काही भाग गाळून, काही वाढवून दुसऱ्या नावाने निघाले. त्यांचे मत आजही सर्वांना मान्य नाही. विद्वान त्यावर अजून वाद घालतात.

चारी बाजूंनी लोक त्यांना वेगवेगळ्या नावांनी संबोधत असताना ताहा हुसेन यांनी काय केले? ते आपल्या बालपणाकडे वळले. ‘अल-हिलाल’ या कैरोच्या मासिकात १९२६ च्या अखेरीपासून त्यांची एक लेखमाला येऊ लागली. १९२९ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्याचे नाव ‘अल-अय्याम’, म्हणजे ‘दिवस’. लिहून घेणाऱ्याला ते तोंडी सांगत आणि तो उतरवून घेई. त्यांची सारी पुस्तके अशीच तयार झाली.

अरबी भाषेत आत्मचरित्रे नव्हती असे नाही. इमाम गझाली यांनी आपल्या मनातल्या शंकांची आणि शोधाची हकीकत लिहिली आहे. उसामा इब्न मुन्किझ या सरदाराने लढायांच्या आणि शिकारीच्या आठवणी लिहिल्या. इब्न खल्दूनने आपल्या नोकऱ्यांची, प्रवासांची आणि गुरूंची हकीकत लिहून ठेवली. पण जुन्या ग्रंथांत बहुधा मोठा माणूस मोठेपणी काय झाला, हे असते. लहान मूल जेवताना चुकले, पाठ केलेले विसरले, घाबरून पांघरुणात दडले, हे लिहिण्याजोगे आहे असे कोणाला वाटले नव्हते. घरच्या गोष्टी चारचौघांत सांगू नयेत, हा संस्कारही होताच. एका नामांकित प्राध्यापकाने त्या गोष्टी सांगितल्या आणि त्यावर पडदा टाकला नाही.

त्या पुस्तकात ‘मी’ हा शब्द जवळजवळ नाही. आपली कथा सांगताना ताहा हुसेन स्वतःला ‘तो मुलगा’ म्हणतात, कधी थट्टेने ‘आपला मित्र’ म्हणतात. असे का केले असेल? काही जण म्हणतात, संकोचामुळे. काही म्हणतात, दुःखापासून थोडे दूर राहावे म्हणून. मला वाटते, मोठे झालेले ताहा त्या कुंपणापाशी पुन्हा गेले आणि त्या मुलाच्या शेजारी उभे राहिले. शेजारी उभे राहिले, की माणसाचे दोषही दिसतात आणि मायाही वाटते. शेख, आंधळा, डॉक्टर, पाखंडी ही सारी दुसऱ्यांनी दिलेली नावे होती. ‘तो मुलगा’ हे नाव त्यांनी स्वतः दिले.

पहिल्या भागाच्या शेवटी ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलीशी, अमीनाशी बोलतात. एकदा तिला ग्रीक राजा ईडिपस याची गोष्ट सांगितली गेली. त्या राजाचे डोळे गेले आणि मुलगी त्याचा हात धरून त्याला नेऊ लागली. हे ऐकताना अमीनाचा चेहरा हळूहळू बदलला आणि ती हुंदके देऊन रडू लागली. ती का रडते, हे तिच्या आईला कळले, वडिलांनाही कळले. आपण लहानपणी कसे राहिलो, काय खाल्ले, हे सारे या मुलीला सांगावे की नाही, असा प्रश्न त्या बापाला पडतो. ती हसेल किंवा रडेल, अशी त्यांना भीती वाटते. आणि तरीही ते सांगतात. ही पाने वाचताना कठोर माणसाचाही गळा दाटून येतो.

‘अल-अय्याम’चे पुढे आणखी दोन भाग निघाले. इंग्रजी, फ्रेंच आणि इतर अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. इजिप्तमधील इतर लेखकांनाही स्वतःविषयी लिहिण्याचा धीर आला. ताहांचे सहकारी अहमद अमीन यांनी १९५० मध्ये ‘माझे जीवन’ या अर्थाच्या नावाने आत्मचरित्र लिहिले. पुढे पॅलेस्टाईनच्या कवयित्री फदवा तूकान यांनी आपली शाळा बंद करून आपल्याला घरात कसे ठेवले गेले, ते लिहिले. त्यांचेही एक कुंपण होते.

ताहा हुसेन यांच्या पुढील आयुष्यात चढउतार पुष्कळ आले. १९३० मध्ये ते विद्यापीठात साहित्य शाखेचे प्रमुख, म्हणजे डीन झाले. सरकारने काही राजकारणी मंडळींना सन्माननीय डॉक्टरेट देण्याचा आग्रह धरला. त्यांनी नकार दिला. १९३२ मध्ये त्यांना त्या जागेवरून हटवण्यात आले. दोन वर्षे वर्तमानपत्रांत लिहून त्यांनी घर चालवले. मग ते सन्मानाने परत आले. लोक त्यांना ‘अरबी साहित्याचे डीन’ म्हणू लागले. हे पद कोणत्याही सरकारच्या हातातले नव्हते. मुलींनी विद्यापीठात शिकावे, यासाठीही ते झटले. त्यांची विद्यार्थिनी सुहैर अल-कलमावी हिने त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अलिफ लैला’ या कथांवर प्रबंध लिहून १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९४२ मध्ये अलेक्झांड्रिया येथे नवे विद्यापीठ निघाले, त्याचे ते पहिले कुलगुरू झाले.

१९५० मध्ये ते इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. पाणी आणि हवा जशी सर्वांना लागते, तसेच शिक्षण लागते. त्याची किंमत कोणी घेऊ नये, असे ते नेहमी सांगत. मंत्री होताच त्यांनी माध्यमिक शाळांची फी माफ केली. खेड्यापाड्यांतील गरिबांची मुले शहरातल्या शाळांत येऊ लागली. शाळा अपुऱ्या पडल्या, शिक्षक कमी पडले, वर्ग खच्चून भरले. यावर टीकाही झाली. राजाने त्यांना ‘पाशा’ ही पदवी दिली. १९५२ च्या क्रांतीनंतर अशा पदव्या रद्दच झाल्या. त्यांना मिळालेल्या नावांपैकी हे सर्वांत कमी टिकले.

२८ ऑक्टोबर १९७३ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले. मानवी हक्कांसाठी दिला जाणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार त्यांना त्याच वर्षी जाहीर झाला. सुझान यांनी नंतर त्यांच्याबरोबरच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे, ‘तुझ्याबरोबर’.

‘अल-अय्याम’ इजिप्तच्या शाळांत कित्येक वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून नेमलेले होते. फी माफ झालेल्या त्या शाळांतील लाखो मुलांनी त्या मुलाची गोष्ट वाचली: ते कुंपण, ते ससे, ते गाणारे सय्यिदना, आणि वडिलांपुढे न आठवलेल्या त्या सूरा. परीक्षेत त्यावर प्रश्न येत. मुले उत्तरे पाठ करून जात, आणि काही जण ती ऐन वेळी विसरतही असत.